आमचा ऑफ सीझन, त्यांचा मेंटेनन्स

मालवणात टुरिस्टवर पोट असलेल्या माणसाला सुट्टी कधी मिळते, तर बाकी सगळ्या जगाच्या सुट्ट्या संपल्या की. मे महिन्यात आमच्या होमस्टेला उसंत नाही, दिवाळीत नाही, नाताळ ते थर्टीफर्स्ट तर विचारूच नका, त्यात एखादा लाँग वीकेंड आला की आई पहाटे नारळ खवायला बसते ती रात्री शेवटचं ताट उठेपर्यंत उभीच. मग २६ मे येतो. तेव्हापासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी बंद, तारकर्ली-देवबागचं पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राईड, स्कूबा सगळं बंद, आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरपण किनाऱ्यावर. पाऊस लागला, लावणी आटोपली, गेस्ट नाहीत, म्हणजे आता आम्ही फिरायला मोकळे.

आणि नेमकं तेव्हाच थीम पार्कवाले राईड खोलून बसलेले असतात.

ह्यात विचित्र काहीच नाहीये खरं तर, गर्दी नसेल तेव्हाच दुरुस्ती करायची हे कुठलाही धंदेवाला सांगेल. शाळा सुरू झाल्या, पाऊस आहे, बुधवारी पार्कात शे-दोनशे माणसं, तर तेव्हा नाही करणार मग कधी करणार, मेच्या रविवारी? युरोप-अमेरिकेत थंड भागातली बरीचशी पार्कं हिवाळ्यात गेटच बंद ठेवतात आणि तेवढ्यात सगळी कामं उरकून घेतात, त्यामुळे येणाऱ्याला प्रश्नच पडत नाही, बंद म्हणजे बंद. आपल्याकडे बर्फ नाही, पार्क बारा महिने चालू, त्यामुळे एकेक राईड पाळीपाळीने बंद ठेवायची पद्धत. माझी तक्रार एवढीच की ह्या पाळीचा फटका दर वेळेला त्याच लोकांना बसतो, जे दुसऱ्यांच्या सुट्टीत राबतात आणि पावसात फिरतात. हॉटेलवाले, बोटवाले, टूरच्या गाडीचे ड्रायव्हर, मंगल कार्यालयवाले, आचारी. आम्ही जाऊ तेव्हा काहीतरी बंदच.

ह्या जुलैत एका मोठ्या पार्कात गेलेलो. नाव लिहीत नाही, कारण पार्क वाईट नव्हतं आणि मला भांडण करायचं नाहीये. मी, आई, ताई, भाचा आणि आमचे काका, जे आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त करत आले. भाड्याची अर्टिगा, रात्री जेवून निघालो. हायवेबद्दल काही बोलत नाही, त्याचं रिफर्बिशमेंट २०११ पासून चालू आहे आणि तिथे कधी संपणार असा बोर्ड लावायची कोणाची हिंमत नाही. पहाटे कुठेतरी चहा आणि वडापाव, आईला गाडी लागलेली, काका पुढच्या सीटवर घोरतायत.

ही सगळी ट्रिप होती भाच्यासाठी. आधी गेलेलो तेव्हा मोठ्या रोलर कोस्टरच्या गेटवर त्याला परत पाठवलेलं, १४० सेंटिमीटर उंची लागते आणि हा थोडक्यात कमी पडला. त्या दिवशी काही बोलला नाही पण घरी आल्यावर माजघराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारली आणि मग दर महिन्याला पाठ टेकून उभं राहणं, टाचा उचलणं, ताईचं ओरडणं, दूध न पिणाऱ्या पोराचं आपणहून दूध मागणं हे सगळं चालू झालं. ह्या वर्षी रेघ १४०च्या वर गेली. म्हणून निघालो.

गेटवर तिकीट स्कॅन झालं, आत गेलो, भाचा सरळ धावत सुटला, आणि आम्ही पोचेपर्यंत तो एका पिवळ्या साखळीसमोर उभा. साखळीला फ्लेक्सचा छोटा बोर्ड, 'देखभालीच्या कामासाठी ही राईड बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व'. तारीख नाही, किती दिवस ते नाही. बाजूला उंची मोजायची पट्टी तशीच उभी होती. तो तिच्याखाली जाऊन उभा राहिला, डोकं रेघेच्या वर, आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होतो.

तिथे रेनकोट घालून एक पोरगा ड्युटीला होता, बिचारा सकाळपासून तेच तेच ऐकून वैतागलेला असणार, पण नीट बोलला. म्हणाला काका तीन आठवडे झाले बंद आहे, अजून दहा-बारा दिवस तरी जातील. तीन आठवडे! म्हणजे आम्ही तिकीट काढलं तेव्हा ह्यांना पक्कं माहिती होतं. साइटवर त्या राईडचाच फोटो, हात वर केलेली पोरं-पोरी, तिकिटाच्या पानावरपण तोच, आणि मी बुकिंग करताना एवढं बघितलं, कुठे एक ओळ नाही. आई पदराने चष्मा पुसत म्हणाली, "राईड बंद, पन तिकीट चालू, ह्यां कसला रे?" ह्याच्यावर त्या पोराकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेपण नाही.

काका मात्र कुठे गायब झाले ते कळेना. शोधलं तर मागच्या बाजूला, जिथे पत्रे लावून शेड झाकलेली, तिथल्या फटीतून आत बघत उभे आणि आतल्या माणसाशी गप्पा चालू. मीपण डोळा लावला. खाली ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावर चाकंच चाकं, लहान-मोठी, प्रत्येकावर खडूने नंबर, बाजूला बोल्ट वेगळ्या ट्रेमध्ये, आणि जिला आपण पोस्टरवर बघतो ती झगमगीत गाडी चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. एक माणूस उकिडवा बसून एक्सल फडक्याने पुसतोय. मालवण बंदरावर जूनमध्ये हेच दृश्य असतं, बोट वर ओढून घेतलेली, तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडतायत, इंजिन उघडून पार्ट पसरलेले, लाकडी होडी असेल तर फटींत कापूस ठोसतायत. काकांना त्या पार्कात आवडलेली ती एकमेव जागा. अर्धा-पाऊण तास तिथून हलले नाहीत, पाऊस अंगावर घेत.

त्या टेक्निशियनने त्यांना जे सांगितलं आणि मी नंतर घरी येऊन जे वाचलं ते मिळून थोडं सांगतो, कारण बंद म्हणजे नक्की काय करतात हे कोणी सांगतच नाही. कोस्टरच्या गाडीला तीन तऱ्हेची चाकं असतात, एक रुळावरून भार घेऊन पळणारी, एक बाजूने धरणारी, आणि एक रुळाच्या खालून पकडणारी, म्हणजे गाडी उसळली तरी रूळ सोडत नाही ती ह्या खालच्या चाकांमुळे. चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो, तो झिजतो. एक्सल आणि जोड ह्यांना बारीक चिरा पडू शकतात ज्या डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून रंग काढून, लोखंडाला चुंबकत्व देऊन वर लोखंडाची बारीक पूड टाकतात, चीर असेल तिथे पूड बरोबर रेघ धरून जमते. काकांना हे ऐकून एवढं भारी वाटलं की परतीच्या प्रवासात किमान चार वेळा सांगितलं. मग वर खेचणारी चेन, ब्रेक, आणि रुळाचे जे भाग पाडलेले असतात त्यांचे सेन्सर, एका भागात एका वेळी एकच गाडी, पुढचा भाग रिकामा झाल्याशिवाय मागची सोडायची नाही, हे सगळं तपासायचं. गाड्या दोन-तीन असतील तर एक खोलून बाकीच्या चालवता येतात, पण रुळाचं किंवा चेनचं काम निघालं की पूर्ण बंद, पर्याय नाही. एवढं करून जोडलं तरी रिकामी गाडी फिरवून फिरवून बघतात, मगच माणसं.

आणि हे टाळलं किंवा चुकलं तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ५ सप्टेंबर २००३ ला बिग थंडर माउंटन नावाच्या कोस्टरला अपघात झाला, २२ वर्षांचा एक मुलगा गेला, दहा जण जखमी. चौकशीत निघालं की देखभाल करताना चाकाच्या जोडणीचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पार्कात, बोल्ट. त्यामुळे 'काय कटकट आहे, चालवा ना' असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही. जत्रेतला आकाशपाळणा एका रात्रीत उभा राहतो आणि तीन दिवसांनी दुसऱ्या गावात जातो, त्यात पोरांना बसवताना माझा जीव खालीवर होतो, इथे निदान कोणीतरी खडूने नंबर घालून चाकं तपासतंय. बंद ठेवा. खुशाल ठेवा. सहा महिने ठेवा.

पण सांगा ना राव.

ह्याच डिस्नेलँडचं बघा. तीच बिग थंडर त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये बंद केली आणि रूळ नवीन टाकून मार्च २०१४ मध्ये उघडली, त्याआधी तिथलीच दुसरी कोस्टर, स्पेस माउंटन तर एप्रिल २००३ पासून जुलै २००५ पर्यंत बंद होती. दोन वर्षांच्या वर. ती पार्कंपण वर्षभर चालूच असतात, त्यांनापण पाळीपाळीनेच करावं लागतं. पण कुठल्या तारखांना काय बंद आहे त्याची यादी साइटवर टाकलेली असते. टोकियो डिस्नेलँडवाले तर आणखी पुढचे, त्यांनी त्यांची स्पेस माउंटन पाडून नवीन बांधायचं २०२२ मध्येच जाहीर केलं, जुनी बंद केली जुलै २०२४ च्या शेवटी आणि नवीन उघडायचं साल सांगितलं २०२७. म्हणजे ज्याला जुन्या राईडमध्ये शेवटचं बसायचंय त्याला दोन वर्षं मिळाली, आणि ज्याला नवीनच हवीय तो तिकीट काढायची घाई करणार नाही. राईड बंद आहे म्हणून तिथेही कोणी पैसे परत देत नाही, तेवढं मनाने मोठं कोणीच नाही. फक्त ठरवायचं काम तुमच्यावर सोडतात.

आता कोणी म्हणेल एक राईड बंद तर बाकीच्या वीस आहेत ना. एक तर ज्याच्यासाठी आलो तीच नाही, लग्नाला जाऊन नवरा-नवरीच नाहीत पण जेवण आहे असं. आणि दुसरं म्हणजे बाकीच्या वीसवर काय होतं ते बघा. समजा मोठ्या कोस्टरमध्ये एका वेळी २० माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते, तर तासाला ६०० माणसं ती राईड गिळते. ती बंद म्हणजे ही ६०० माणसं घरी नाही जात, ती बाजूच्या रांगेत येतात. आमच्या दिवशी अजून एक अंधारातली राईडपण 'तांत्रिक कारणास्तव' बंद होती आणि दुपारी जोराचा पाऊस आला म्हणून उघड्यावरच्या तीन-चार राईड थांबवल्या, मग काय, छप्पर असलेल्या दोन थिएटरांत अख्खं पार्क. ऑफ सीझन असून रांग मेसारखी. त्या रांगेत एक नाशिकचं कुटुंब भेटलं, त्यांनी ज्यादा पैसे भरून रांग टाळायचं तिकीट घेतलेलं, आणि त्यांना आत आल्यावर कळलं की ज्या रांगा टाळायच्या त्यातल्या निम्म्या राईडच नाहीत. तो माणूस एवढा शांत होता की मला भीती वाटली.

आणि सगळ्यांना सारखं लागत नाही हे. जवळच्या शहरातला वर्षाचा पास काढलेला पोरगा 'अरे बंद आहे, पुढच्या महिन्यात येऊ' म्हणून निघून जातो. आमच्यासारख्यांना गाडीभाडं, रात्रभराचा प्रवास, घरी म्हातारी आजी शेजाऱ्यांच्या भरवशावर, कुत्रं शेजाऱ्यांच्या भरवशावर, असं सगळं जुळवून यायचं असतं, परत कधी ते देव जाणे. शाळेत असताना आमची एस्सेलवर्ल्डची सहल ठरायची आणि रद्द व्हायची, दर वर्षी, १९८९ ला सुरू झालेलं ते पार्क २०२२ ला बंद झालं आणि माझं बघायचं राहिलंच. त्यामुळे 'नेक्स्ट टाइम' ह्या प्रकारावर माझा फार विश्वास नाही.

हे लिहिताना आमच्या गावातल्या लोकांनापण दोन शब्द ऐकवायला हवेत, कारण आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. जूनमध्ये कोल्हापूर, बेळगावकडून फोन येतात, "किल्ल्यावर बोट जाते का हो?" आणि आमच्याकडचे काही लॉजवाले सरळ सांगतात "या तर खरं, बघू वातावरण कसं आहे ते." वातावरणाचा काय संबंध, २६ मेला बंद झालीय, १ सप्टेंबरशिवाय सुटणार नाही, हे शेंबड्या पोरालापण माहिती. मग ती माणसं पोरांना घेऊन धक्क्यावर उभी, समोर पाण्यात किल्ला दिसतोय, शिवाजी महाराजांनी १६६४ ला पाया घातलेला, हाकेच्या अंतरावर, आणि जायला काही नाही. आपल्यावरच राग काढतात मग, आणि काढणारच. आमच्याकडे फोन आला तर आई तोंडावर सांगते, "बोट नाय, स्कूबा नाय, मासे फ्रीजमधले नायतर खाडीतले, पाऊस असा, येतास तर येवा." निम्मे येत नाहीत. जे येतात ते पावसात व्हरांड्यात बसून कुळथाची पिठी-भात खातात आणि खूश होऊन जातात, कारण कशासाठी येतोय हे त्यांना माहिती असतं.

पार्कवाल्यांची भीती मला कळते, साइटवर लिहिलं की बुकिंग पडणार. पडू देत की. त्या दिवशीचं तिकीट दोनशे-तीनशेने कमी करा, लिहा मोठ्या अक्षरात की अमुक दोन राईड ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत बंद, म्हणून दर कमी. लहान पोरांचे आईबाप आनंदाने येतील, त्यांना कुठे मोठ्या कोस्टरवर बसायचंय. एवढं जमत नसेल तर निदान त्या पत्र्याला एक मोठी फट ठेवा आणि शेजारी बोर्ड लावा आत काय काम चाललंय त्याचा. काकांसारखी माणसं कमी नाहीत, आणि उगाच नाही सांगत, संध्याकाळी भाच्यालासुद्धा काकांनी तिथे नेलं, त्या टेक्निशियनने एक झिजलेलं चाक त्याच्या हातात दिलं, हे बघ इथे कसं चिरलंय, हे बदललं नाही तर काय होईल. पोराने ते चाक खाली ठेवलंच नाही बराच वेळ. रुसवा गेला असं नाही, गाडीत बसल्यावर परत तोंड फुगलंच, पण दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी विचारत होता.

तुम्ही कोणी पावसात जाणार असाल तर फोन करताना 'पार्क चालू आहे का' असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम हो असतं. राईडचं नाव घेऊन विचारा, काल ती चालली का आणि ह्या आठवड्यात बंद ठेवायची आहे का. कस्टमर केअरच्या मुलीला माहिती नसेल तर ऑपरेशन्सला जोडून द्या म्हणा. आणि जमलं तर आदल्या दिवशी त्या पार्कात गेलेल्यांनी टाकलेले फोटो बघून घ्या, त्यात पिवळी साखळी दिसते.

आमच्याकडे आता फोनची गरज नाही, काकांनी त्या टेक्निशियनचा नंबर घेतलाय आणि दोघांचं रोज गुड मॉर्निंग चालू आहे. परवा त्याने कळवलं की मोठी गाडी जोडून झाली, टेस्टिंग झालं, रविवारपासून चालू. भाचा घरभर नाचला. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज, आता पाण्यातली बोटीची राईड महिनाभर खोलणार. म्हणजे ताई आणि आई ज्या एकमेव राईडमध्ये बसतात ती. त्यावरून घरात दोन दिवस वाद चाललाय, जायचं की नाही, कोणी जायचं, आई म्हणते माका बोट बघूक मुंबयकडे जावची गरज नाय, दारात असा. शेवटी ठरलं की गणपती होऊ देत, मग भाचा आणि काका दोघंच एसटीने जातील.